गार शेक

"घट्ट धर गं बाई, घट्ट," असं स्वतःलाच बजावत धाकट्या सुनेनं डबा कानाशी नेला आणि जीव खाऊन हलवायला सुरुवात केली.

डबा स्टीलचा, फिरकीच्या झाकणाचा, एरवी डाळ ठेवायचा. गळू नये म्हणून झाकणाभोवती जुना रुमाल आवळलेला. आत बर्फ, लिंबाचा रस, आलं घालून उकळलेला साखरेचा पाक आणि खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं मोजलेली स्वस्तातली रम. हॉटेलच्या बारमध्ये यालाच उंच ग्लास आणि भारी नाव मिळतं. इथं चहाची गाळणी होती आणि ओट्याचा कोपरा. अंगण वाकडं म्हणून रडत बसणाऱ्यांतली ती नव्हतीच. वाकडं तर वाकडं, ती नाचणार होती.

हॉटेलात ती ग्लास विसळायची. आज बार सांभाळणारा साहेब सगळ्यांसमोर म्हणाला होता, "फार हौस आहे ना? उद्या एक ग्लास कॉकटेल बनव. पिणाऱ्यानं आपण होऊन दुसरा मागितला, तर काउंटरमागे उभी राहा. नाहीतर तुझं विसळणं तुला लखलाभ!" सगळे खो खो हसले. हिला असा संताप आला की घरी येईपर्यंत उतरला नाही.

तिनं चमचाभर चाखलं आणि तोंड वाकडं केलं. कोमट, जळजळीत. रम एकीकडे, लिंबू दुसरीकडे, अबोला धरलेल्या नवराबायकोसारखे.

"शेक कमी पडला," डबा हलवण्याला बारमध्ये म्हणत तसं ती पुटपुटली. "चांगला शेक द्यायला हवा."

"दे गं बाई, दे!" आतून सासूबाईंचा आवाज आला. "सकाळपासून गुडघे ठणकतायत. कुणाला नाही सुचलं ते तुला सुचलं!"

धाकटीनं आत डोकावलं. सासूबाई गुडघ्याखाली उशी घेऊन, पाय पसरून तयार बसल्या होत्या. चेहऱ्यावर इतकं समाधान, की 'तो शेक नव्हे हो आई' म्हणायला तिची जीभ उचलेना. तिनं डबा नव्यानं भरला, स्टीलवर दव धरेपर्यंत खडखडवला आणि तसाच नेऊन त्यांच्या गुडघ्यावर टेकवला.

"अगं आई गं! गारठवलंस की मला!" सासूबाई किंचाळल्या. मग डबा स्वतःच नीट टेकवून घेतला. "राहू दे. बरं वाटतंय."

एवढ्यात भाऊजी वेलदोडा चघळत बाहेरून आले. थोरले दीर, घरातले कर्ते. दारातच त्यांनी नाक वर केलं. "वास कसला येतोय?"

धाकटीनं तोंड उघडलं. पण आधी सासूबाईच बोलल्या. "कसला वास? गुडघा शेकतेय मी." बोलताना त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. वास त्यांच्याही नाकात शिरला होता. ओळखीचा होता.

पळवाट आयती चालून आली होती. धाकटीनं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"दारूचा वास आहे, भाऊजी," ती म्हणाली. "मीच बनवलीय. उद्या हॉटेलात बनवायचीय. आज हात बसवतेय."

"शाब्बास! आता घरातल्या सुना दारू ढवळणार! लोक तोंडात शेण घालतील आमच्या. हे सगळं तुझ्याच अंगावर शेकेल, सांगून ठेवतो. चल, ओत ते मोरीत!"

"शेकू दे. पण ओतणार नाही." तिनं आवाज खाली येऊ दिला नाही. "दार लावून पिणाऱ्याची बाटली या घरात चालते, भाऊजी. मग दार उघडं ठेवून बनवणारीचा डबा का नाही चालत?"

भाऊजींच्या गालातला वेलदोडा जागच्या जागी थांबला. रोज संध्याकाळी त्यांच्या खोलीचं दार का लागतं, हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. बोललं मात्र कुणीच नव्हतं. ते तरातरा पुढे आले आणि डब्याला हात घातला.

सासूबाईंनी तो दोन्ही हातांनी गुडघ्यावर दाबून धरला. "खबरदार! माझा शेक आहे तो." मग मान वळवून म्हणाल्या, "ग्लास आण गं."

"आई, अगं, तू?"

"हो, मीच. तू उभा राहा नाहीतर बस."

धाकटीनं गाळणी धरून ग्लास भरला. सासूबाईंनी आधी हुंगलं, मग घोट घेतला. डोळे मिटले, कपाळाला आठ्या पडल्या आणि हळूहळू सुटल्या. पोराच्या नजरेला नजर देत त्यांनी ग्लास रिकामा केला.

"तुझ्या बापाच्या तोंडून जन्मभर नुसता वास घेतला मी याचा," त्या म्हणाल्या. "चव अशी असते होय!"

धाकटी रिकामा ग्लास घ्यायला वाकली. साहेबाच्या त्या अटीबद्दल तिनं घरात अवाक्षर काढलं नव्हतं.

सासूबाईंनी ग्लास सोडला नाही. दुसऱ्या पायाखाली उशी सरकवली आणि ग्लास तिच्यापुढे धरला.

"हा एका गुडघ्याचा झाला. दुसऱ्याचं काय?"