प्रदर्शनाला नेलं तेव्हा

चाळीस वर्षं "पुढच्या वर्षी नक्की नेतो" म्हणणाऱ्या शिंपीकाकांनी यंदा एकदाचं बायकोला फुलांचं प्रदर्शन दाखवलं. मुंगी शिरायला जागा नव्हती, पण काकू लेकरासारख्या हरखून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शन पाहून आलेल्यांनीच दवाखाना भरला. सगळ्यांना जुलाब नि उलट्या. तिसऱ्या दिवशी सकाळी काकू गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं, "काका, तिथं त्यांनी काय खाल्लं-प्यायलं, आठवतंय?"

"खाल्लं काहीच नाही. तिथल्या टाकीचं पेलाभर पाणी प्यायली."

"आणि तुम्ही?"

"रांग मोठी होती. एकच पेला आणला, तिच्यापुरता." काकांनी तोंड फिरवलं.


"उभ्या संसारात पहिल्यांदाच मी तिला पाणी आणून दिलं होतं हो, बाई."