दारात समुद्र

मोठे साहेब देवणीजवळच्या आमच्या गावात येऊन म्हणाले, "समुद्राचं पाणी गोडं करून थेट तुमच्या दारात आणतो. फक्त त्याला वीज फार लागते, तेवढी तुमच्या गावात पिकवू द्या." सरपंच दयानंदनं तिथल्या तिथं गायरान सोलरला देऊन टाकलं, आणि वर स्वतःच्याच अंगावर शाल घालून घेतली.

जनावरं चरायची तिथं आता काळ्या काचा चमकायल्यात. समुद्राचा पत्ता न्हाई.

काल विहिरीवर टँकर दिसला, पाइप आत सोडलेला. दर उन्हाळ्यात टँकर असाच येऊन विहिरीत पाणी ओततो, म्हणून साखराबाईनं गल्लीभर हाळी दिली, "पळा गं, समुद्र आला!" बाया घागरी घेऊन धावल्या. वाकून बघितलं तर विहिरीत नुसता गाळ.

"पाणी कुठं हाय रे?" साखराबाई ड्रायव्हरवर खेकसली.

 

तो पाइप गुंडाळत म्हणाला, "टँकरमधी हाय, मावशी. सोलरच्या काचा धुवायला न्यायलोय. धूळ बसली की तुमच्या समुद्राला वीज कमी पडती."