सहावं कडवं

"शेवटचं कडवं गाळ," रेकॉर्ड कंपनीचा हॅलॉकसाहेब म्हणाला. "नुसती नावंच नावं. गाणं आहे का हजेरी?"

ओझेल्ला गिटारच्या खुंट्या पिळत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "नाही गाळायची."

मेम्फिसच्या हॉटेलातली खोली. भरदुपार. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना घोंगड्या टांगलेल्या, खिडक्या बंद. अकरा वर्षं लाँड्रीत चादरी धुतल्या, शनिवारी लोकांपुढं गायली, तेव्हा कुठं बाईच्या वाट्याला ही रेकॉर्ड आली होती. त्यात उकाड्यानं मेणाच्या तबकड्या मऊ पडलेल्या. धड अशी एकच उरली होती. सुई टेकली की टेकली. तीन मिनिटांनी लाल दिवा लागणार, तो लागला की गप्प बसायचं. त्यापुढं मेणावर बोटभर जागा उरते, बास.

गाणं तिचंच, बांध फुटला त्याचं. दोन वर्षांमागं नदी चढली तेव्हा गोऱ्या मालकांनी आमच्या काळ्या गड्यांना बंदूक दाखवून बांधावर पोती रचायला उभं केलं. बांध गेला, गडीही गेले. पेपरात आलं, माणूस एकही दगावला नाही. खेचरं किती मेली ते मात्र बरोबर मोजलेलं.

"अगं, पुराची गाणी खपतायत," साहेब म्हणाला. "पाणी गा, चिखल गा, पाहिजे तर रड. पण ही नावं कोण विकत घेणार? तुझे कोण लागतात ते?"

"लागतात," ती म्हणाली.

"बरं बाई, गा सगळं. पण दिवा आधी लागला तर मला बोल लावू नकोस." त्यानं मशीनवाल्याकडं बघून डोळा मारला. दोनदा नुसतं गाऊन बघितलं होतं. दोन्ही वेळा दिवा पाचव्या कडव्यातच लागला होता.

"चालेल की," ओझेल्ला म्हणाली.

साहेबानं खुशीत बर्फाचा खडा रुमालात बांधून मानेला लावला. सुई टेकली.

तिनं सहावं कडवंच पहिलं घेतलं.

क्लीव्ह बँक्स. मॅबेरीचे दोघं भाऊ. म्हातारा आयझम. एक नाव घ्यायची, थांबायची, तारेवर काचेची नळी घासायची. मग गिटार असं कण्हायचं, की वाटावं चर्चमधल्या म्हाताऱ्याच ओ देतायत. साहेब ताडकन उठला. हात हलवले, गळ्यावरनं बोट फिरवलं. बोलायची चोरी, बोलला असता तर त्याचाच आवाज मेणात उठला असता. मशीनवाला सुईला हात लावीना. दुसरी तबकडी होती कुठं?

घाई म्हणून केली नाही बाईनं. आठ नावं झाली आणि दिवा लागला.

तिनं डोळे मिटले आणि उरलेल्या बोटभर मेणावर नववं नाव गायली. तो तिचा नवरा होता.