सासऱ्यासमोर

दवाखान्यात रेली पोट धरून किंचाळत होती. केरळच्या डॉक्टरबाईंना तिची पावरी बोली येत नव्हती आणि भिंतीवरचं दुभाषी यंत्र गप्प होतं.

"सांग की बाईंना!" तिचा नवरा गुमान यंत्रावर ओरडला.

"सासऱ्यासमोर बाईचं दुखणं बोलत नाहीत. मला तुमच्या रीती शिकवल्यात," यंत्र अदबीनं म्हणालं.

"बा, बाहेर हो!" गुमान खाटेशी उभ्या बापाला म्हणाला.

"लेकीसारखी आहे ती मला. मी नाही हलायचा."

गुमाननं लोखंडी स्टूल उचलून बापाच्या तोंडावर हाणलं. दात फुटले, रक्त उडालं. पाय धरून त्यानं म्हाताऱ्याला फरफटत बाहेर टाकलं आणि दार लावलं.

तेव्हा यंत्र रेली जे किंचाळत होती ते पहिल्यापासून सांगू लागलं, "पोटात काहीतरी फाटलंय, बाई. चिरा मला, लवकर चिरा."

तोवर नाडी शोधून शोधून डॉक्टरबाईंनी रेलीचा हात खाली ठेवला होता.