यादीतली राहीबाई

गावच्या दूध संस्थेच्या निवडणुकीच्या मतदार यादीत राहीबाईचं नाव आहे असं कळलं, तसे आकाराम तात्या शिराळ्याचा बाजार अर्धा सोडून तडक संस्थेत आले. बायकोला जाऊन वर्ष होत आलं होतं. मृत्यूचा दाखला त्यांनी स्वतः इथंच दिला होता. दुधाचं खातं त्यांच्या नावावर झालंही होतं.

“दुधाला मेली आन मताला जिती? ह्ये कसं गं पोरी?”

पल्लवी संस्थेचे कॉम्प्युटर सांभाळायची. तिलाही कळेना. “थांबा तात्या, सेटिंगची फाईल बघती. दूध, पगार, यादी, सगळे प्रोग्राम आधी हीच फाईल वाचत्यात. कुठल्या डेटाबेसातनं माहिती घ्यायची ते हिच्यात लिवल्यालं असतं.”

“मंजी सगळी जनावरं एकाच खुट्याला.”

“व्हय.” ती हसली. फाईल उघडली आणि तिचं हसू गेलं.

दुधाची ओळ यंदाच्या डेटाबेसकडं होती. पगाराचीही. यादीची ओळ तेवढी जुन्या डेटाबेसकडं वळवली होती. तिथं दोन वर्षांपूर्वीच्या माहितीची नक्कल ठेवलेली. त्यात राहीबाई जिवंत होती. गावातली गेलेली आणखीही माणसं होती.

“ह्यो बदल कवाचा?”

“निवडणूक लागली, त्याच आठवड्यातला.”

“कुनी केला?”

पल्लवीनं सचिवांच्या केबिनकडं बघून आवाज उतरवला. “फाईल सामाईक हाय तात्या. हितल्या कुनालाबी उघडती.”

केबिनचं दार उघडलं. सचिव नानासो स्वतः चहाचा कप घेऊन बाहेर आले. एरवी ते तात्यांना बसाही म्हणत नसत.

“घ्या तात्या, चहा घ्या. किरकोळ चूक हाय वो. पल्लवे, ती यादीची ओळ नीट करून टाक आत्ताच.”

काय चुकलंय ते त्यांना अजून कोणी सांगितलं नव्हतं.

पल्लवीनं माऊस धरला. तात्यांनी तिच्या हातावर हात ठेवला.

“ऱ्हाऊ दे तसंच.”

“आवं, पर वैनींचं नाव काढाय नगो व्हय?” नानासो म्हणाले.

“नगो. मतदानादिवशी मी सकाळपासनं केंद्राच्या दारात बसनार हाय.” तात्यांनी चहाचा कप न उचलता बाजूला सारला. “राही आली, तर वळखायला मला कार्ड लागत न्हाई.”