सगळ्यात उजवी लेन

"मागची नंबर प्लेट राहिली," म्हणत सतीश पुन्हा फडकं घेऊन गाडीमागे गेला.

शारजाच्या धुळीत प्लेट स्वच्छ राहून राहणार किती वेळ! पण सतीशचं म्हणणं असं, की पोलिसाला थांबवायला निमित्त लागतं आणि ते आपण होऊन त्याच्या हातात ठेवायचं नाही. आज तर डिकीत लेकीची, केयाची, रायफल होती.

रायफल अगदी कायदेशीर. परवाना होता, आजच्या दिवसापुरतं वाहतुकीचं पत्र होतं, त्यावर अरबी शिक्का होता. रायफल कुलूपबंद पेटीत, काडतुसं वेगळ्या डब्यात. पण वाटेत कुणी अडवलंच तर तो पेटी बघणार, साहेबाला फोन लावणार, साहेब त्याच्या साहेबाला. तासभर तिथेच खलास. आणि अबू धाबीतल्या मुसफ्फाजवळच्या शूटिंग रेंजवर अकराला हजर व्हायचं होतं. ज्युनिअर नेमबाजी संघाची शेवटची निवड चाचणी. केया सोळा वर्षांची. त्यातली चार वर्षं तिने या एका सकाळसाठी खर्ची घातली होती.

त्याची बायको उर्मिला एका कार्गो कंपनीत ऑडिटला. मिनिटं मोजायची तिला सवयच. साडेआठला निघालो, दीड तासाचा रस्ता, म्हणजे एक तास शिल्लक. तिने मनातल्या मनात खातं उघडलं.

पहिली अकरा मिनिटं पंपावर गेली. टायरमध्ये हवा.

"उतर जरा, ब्रेकलाइट लागतात का बघ," सतीश उर्मिलाला म्हणाला.

"लागतायत. दोन्ही. काल पण लागत होते, परवा पण."

"काल डिकीत काही नव्हतं."

"काल तोंडात पण काही नव्हतं तुझ्या. संध्याकाळपासून गप्प आहेस. आज काय ते फक्त ब्रेकलाइट."

मागच्या सीटवर केया हसली. "आई, बाबा इज मोअर नर्व्हस दॅन मी."

हायवेला लागल्यावर सतीशने सगळ्यात उजवी लेन धरली, इकडे ती ट्रकांची. काटा नव्वदवर. उर्मिला बघत राहिली. गेल्या वर्षी याच माणसाचे रडारने नऊ वेळा फोटो काढले होते, आणि प्रत्येक वेळी हा म्हणाला होता, जरा घाईत होतो.

"बाबा, चेक द लिमिट! यल्ला, फास्टर!"

"दुबईत लिमिटच्या वर वीसची सूट असते, अबू धाबीत नसते."

"अरे, सूट घ्यायला कोण सांगतंय?" उर्मिला म्हणाली. "आहे तेवढं तरी घे. आत्ता कांद्याचा ट्रक पुढे गेला आपल्या. ड्रायव्हरने हात केला मला, ओळख असल्यासारखा."

सतीश हसला नाही. मागून हॉर्न वाजत होते. एकदा पोलिसांची गाडी शेजारून आली, आतल्याने वाकून बघितलं आणि पुढे निघून गेली.

"बघितलंस? हळू चालवलं म्हणूनच अडवतील आता," उर्मिला म्हणाली.

"पुढे चेकिंग असतं कधीकधी," असं म्हणून सतीशने गाडी सरळ बाहेरच्या रस्त्याला घातली. वळसा पंचवीस मिनिटांचा. उर्मिलाचं शिल्लक खातं तिथे संपलं आणि उणे व्हायला लागलं.

 केया डोळे मिटून संथ श्वास घेत होती. उजव्या हाताचं बोट गुडघ्यावर हळूच आत ओढायची, सोडायची. सतीश आरशात ते बघत होता. मग त्याने आरसाच वर फिरवला.

पोचले तेव्हा अकरा वीस झाले होते.

"तुम्ही बसा. मी विचारून येतो," सतीश म्हणाला. चार मिनिटांत परत आला आणि काचेपाशी वाकला. "दार बंद केलंय. उशिरा आलेल्यांना घेत नाहीत."



"यू वेअर स्केअर्ड," केया म्हणाली. "ऑफ अ चेक. वुई हॅड ऑल द पेपर्स!" मग तिचा आवाज फुटला आणि त्या सकाळचं पहिलं मराठी वाक्य तिच्या तोंडून आलं. "तुझ्यामुळे गेलं माझं, बाबा. मी हे कधी विसरणार नाही."

"हो," सतीश म्हणाला. "माझ्यामुळेच."

त्या शांतपणाने उर्मिलाचं डोकं फिरलं. "भित्रा आहेस तू सतीश. तुझी भीती तुझ्यापाशी ठेवायची होतीस, पोरीचं आयुष्य कशाला लावलंस त्याला?"

 ती दार उघडून उतरली तसा त्याने तिचा दंड धरला. "उर्मिला, आत नको जाऊस. ऐक माझं."

"पाया पडायची वेळ आली तरी पडेन," म्हणत तिने हात झटकला.

रेंजचं दार सताड उघडं होतं. आत दोघं-तिघं अजून हातमोजे चढवत होते. टेबलापाशी केयाच्या प्रशिक्षक दर्शना मॅडम कागद लावत बसल्या होत्या. त्यांना बघून उर्मिलाला रडूच आलं.

"मॅडम, वीस मिनिटं उशीर झाला. चूक आमची आहे, माझ्या नवऱ्याची आहे. पोरीला शिक्षा करू नका. एकदा उभी राहू दे तिला."

दर्शना मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"उशिराचं काय, अजून सुरू कुठे झालंय," त्या म्हणाल्या. "पण ताई, तुम्ही तिला आणलंतच कशाला? आजच्या चाचणीच्या यादीत केयाचं नाव नाही. आधीच्या फेऱ्यांत तिचे गुण कमी पडले. काल संध्याकाळीच मी सतीशना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, तिला तुम्ही काही सांगू नका, मी बघतो."