मगरीपर्यंत ठीक होतं

“आता जे सांगतो ते तुमच्यापैकी कोणालेच पटणार नाही,” असं म्हणत भैय्याजी बाकाचा आधार घेऊन उभे राहिले.

पटण्याचा तसा प्रश्नच नव्हता. भैय्याजींच्या थापा सगळ्या मोहल्ल्याला पाठ होत्या. पण ही रविवारची उपासना होती, आणि साक्ष देण्याची वेळ चालू होती.

ती वेळ खरं तर गोपिकाची. या छोट्या चर्चची रीत अशी, की गेलेल्या माणसासाठी प्रार्थना करायची तर आधी घरच्या कोणीतरी उभं राहून त्याचं नाव घ्यायचं आणि त्याच्याबद्दल एक खरी गोष्ट सांगायची. माणूस कोणत्या धर्माचा, हे इथं कोणी विचारत नसे. गोपिका आधी ज्या चर्चला जायची, तिथं विचारलं होतं. गेलेला नवरा बौद्ध, बाप्तिस्मा झालेला नाही, तेव्हा त्याचं नाव प्रार्थनेत घेता येणार नाही, असं तिला अगदी गोड आवाजात सांगण्यात आलं होतं. तेव्हापासून ते नाव तिच्या तोंडून निघालं नव्हतं. मागच्या रविवारी ती इथं उभी राहिली आणि तशीच खाली बसली. आजही तेच झालं. आत येतानाच तिनं पाळकबाईंना सांगून ठेवलं होतं, “आज नाही जमलं तर मी पुन्हा येत नाही. माझ्यापायी सगळ्यायचा वेळ जाते.”

पाळकबाई प्रीती वयानं लहान, पण हट्टी. त्या वेदीपुढची पायरी उतरून खाली आल्या, पहिल्या बाकाच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, “घाई नाही. आपण थांबू.”

मंडळी थांबली. मे महिना, त्यात वीज गेलेली. गीतांच्या पुस्तकांनी वारा घेणं सुरू झालं, पण उठलं कोणी नाही. सिंधूताईसुद्धा नाही. त्या विहारातली वंदना आटोपून इथं येत. कोणी टोकलं तर म्हणत, “दोन घरचं आवतन असलं तर एक सोडते का कोणी?”

अशा त्या शांततेत भैय्याजी उठले होते.

“भैय्याजी, घरच्या माणसानं बोलायचं असतं,” प्रीती म्हणाल्या.

“भिंतीले भिंत आहे, पाळकबाई. हिच्या घरी फोडणी पडली की मी शिंकतो. अजून किती घरचा पाहिजे?”

“आणि खरं बोलायचं असतं.”

“ते बोलता बोलता पाहू.” भैय्याजींनी टोपी काढून बाकावर ठेवली. “तर हिचा घरवाला. नाव घ्यायचा हक्क माहा नाही, म्हणून घरवाला म्हणतो. खाप्याले एक लग्न होतं. कन्हानले असा पूर, असा पूर, का झाडावरचे पोपट पोहून राहिले होते. अन् लग्नाची पेटी राहिली नदीच्या या तीरावर. पेटीशिवाय गाणं कसं म्हणायचं? यानं पेटी घेतली डोक्यावर अन् उतरला पाण्यात. मधात गेला, तं समोर मगर.”

“कन्हानमध्ये मगर कुठची आली गा?” सिंधूताईंनी विचारलं.

“पाहुणी आली होती. पुरात पाहुणे येतच असते. मगरीनं हा एवढा जबडा उघडला. यानं घाबरावं का नाही? नाही घाबरला. डोक्यावरची पेटी वाजवाले लागला. मगरीनं डोळे मिटले, जबडा मिटला, अन् याले पाठीवर घेऊन मांडवापर्यंत सोडून दिलं.”

“डोक्यावरची पेटी वाजवली कशी?”

“एका हातानं भाता, एका हातानं सूर.”

“अन् पोहला कशानं?”

“म्हणून तं पहिलेच म्हणलं ना बाई, पटणार नाही.”

हसण्याची एक लाट मागच्या बाकापर्यंत गेली. गोपिकाच्याही ओठाचा कोपरा हलला. पण मान खालीच. मगर तिनं जाऊ दिली.

भैय्याजींनी डोळ्याच्या कडेनं तिच्याकडे पाहिलं. प्रीतींनी ते पाहणं पाहिलं आणि त्यांना अडवलं नाही.

“असा बहाद्दर माणूस,” भैय्याजी आवाज उतरवून म्हणाले. “पण एक गोष्ट आहे. गाण्या-प्रार्थनेशी त्याले काही घेणंदेणं नव्हतं. दर रविवारी बायकोले त्या पहिल्या चर्चच्या गेटपाशी गाडीवरून उतरवून देई, अन् सरळ घरी येऊन घोरत पडे. भिंतीले भिंत आहे, मी माह्या कानानं ऐकलं.”

बाक करकरलं. गोपिका उभी होती. पदर सावरायचंही तिला भान नव्हतं.

“खोटं आहे,” ती म्हणाली. आवाज फाटका निघाला, पण पुढे तो सुटत गेला. “साफ खोटं आहे, भैय्याजी. घरी येतच नव्हता धम्मानंद. गेटच्या बाहेर गाडीवर बसून राहे, उन्हात. आत ये म्हणणारं तिथं कोणी नव्हतं. तरी गाणे सारे पाठ होते त्याले. भाकर थापता थापता माह्यं कडवं चुकलं, तं न्हाणीतून ओरडून तो बराबर करून सांगे.”